वाचले. समजले.

या आठवड्यात बेंगळुरात, हेब्बाळच्या भाजीबाजारात अवरेकाईच्या शेंगा आल्या. मी कोथिंबीर घ्यायला गेलो होतो. वळणावरच वास आला आणि मग ढीग दिसले, पोत्यांतून थेट फरशीवर ओतलेले, हिरवे, थोडे जांभळट कडांचे. हा वास तेलकट असतो, किंचित उग्र. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात. शेंग विकत घेण्याआधी ती नाकाशी धरतात आणि सोगडु नसेल तर मुकाट्यानं परत ठेवून पुढच्या ढिगाकडे जातात. बोटांना लागलेला हा वास साबणानं जात नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा कप तोंडाशी नेला की पुन्हा येतो. एक बाई वाकून शेंगा हुंगत होत्या. त्यांनी मला जागा करून दिली, मी घेणार असं समजून. मी कोथिंबीर न घेताच घरी आलो.

माझी पत्नी सरोजा गेल्या श्रावणात गेली. न्यूमोनिया हे शेवटचं कारण. त्याआधीचं कारण आम्हाला तीन हिवाळ्यांपूर्वी कळलं, अवरेच्याच दिवसांत. मला त्या एका मोसमाबद्दल लिहायचं आहे. तो मार्गशीर्षात सुरू झाला आणि संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत संपला. शेंगा तेवढेच दिवस असतात.

मी मूळचा मिरजेचा. चोविसाव्या वर्षी इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागलो आणि इथलाच झालो. सरोजाचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातलं. त्यांच्या घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की लग्नानंतर पहिले काही महिने मला अर्धं समजत नसे. ती मला 'री' म्हणून हाक मारायची, मी तिला 'अहो' म्हणायला शिकवलं. तिचं नाव सरोजा, मी ते सरोज केलं. ती 'स्वल्प थांबा' म्हणायची, मी 'जरा थांबा' असं सांगायचो. ती हसून 'सरी', म्हणजे बरं, म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा स्वल्प. पहिल्या हिवाळ्यात मी तिला सांगितलं की तुमच्या या अवरेला आमच्याकडे पावटा म्हणतात. ती म्हणाली, पावटा वेगळा, अवरे वेगळी, जीभ असली तर कळेल. आता लिहिताना मी सरोजाच लिहितो आहे. ती असताना हे जमलं नाही.

दुरुस्त्या करणं हाच माझा व्यवसाय होता. कारखान्यात मी तांत्रिक पुस्तकांच्या विभागात होतो. यंत्राची देखभाल कशी करायची याची जाडजूड पुस्तकं असत, आणि एखादी कृती बदलली की त्या पानाच्या जागी नवं पान जाई. आम्ही त्याला सुधारित पान म्हणत असू. ज्याच्या ज्याच्याकडे ते पुस्तक असेल त्याच्या हातात ते पान द्यायचं, जुनं पान त्याच्यादेखत काढून आडवं फाडायचं, आणि 'वाचले, समजले' अशी त्याची सही घ्यायची. ही सही महत्त्वाची. जुनं पान एखाद्या पुस्तकात राहिलं तर कुठेतरी कुणाचा तरी जीव जातो, असं आमचे पहिले साहेब सांगत. मी ते चौतीस वर्षं मानलं. चुकीची माहिती पाहिली की माझा हात आपोआप पुढे होतो.

अवरेचे दाणे सोलण्याची इथे एक रीत आहे. शेंगांतून काढलेले दाणे संध्याकाळी पाण्यात टाकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबतात. साल बोटांत राहते आणि आतली डाळ टुणकन निसटून परातीत पडते. तिला हितकबेळे म्हणतात. हे काम कुणी एकटं करत नाही. ज्या गच्चीवर ऊन असेल तिथे गल्लीतल्या बायका जमतात. हात चालू असतात आणि तोंडंही. आमच्या गच्चीवर शेजारच्या नागरत्नम्मा येत. त्या सरोजाला सरोजक्का म्हणत आणि मला सार्. एकदा मीही परातीशी बसलो. माझ्या बोटांत दाणे चिरडायला लागले तेव्हा नागरत्नम्मा म्हणाल्या की सार्, तुम्ही पेपर वाचून दाखवा, अवरेनं तुमचं काय बिघडवलंय?

सरोजाचा हात मात्र बघत राहावा असा. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या सगळ्याच हालचाली नेमक्या, कमी. ती न बघता सोलायची. डाळ नेहमी परातीच्या मध्यावर पडायची.

त्या हिवाळ्यात एके दिवशी तिनं सालं कुकरमध्ये घातली आणि डाळ कचऱ्याच्या डब्यात. मी ते पाहिलं आणि सांगितलं. ती म्हणाली, आज सालांचं सारू, तुमच्या मिरजेची रेसिपी. आम्ही दोघंही हसलो. त्याआधी वर्षभर काही ना काही होत होतं. दूध दोनदा घेतलं जायचं. शेजारच्या गल्लीतून घरी यायला तिला अर्धा तास लागायचा आणि मग ती उगाच फार काही सांगत बसायची, कोण भेटलं, काय म्हणालं. मी प्रत्येक वेळी चूक दाखवून दिली. दूध घेतलंय. ते कालच सांगितलंस. त्यांचं नाव ते नाही. मला वाटायचं की चूक दाखवली की ती सुधारते.

आमची मुलगी अश्विनी व्हाइटफील्डला असते. तिनंच डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी तिला ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून मी आणि सरोजा कॅबनं निघालो. फ्लायओव्हरवर गाड्या अडकल्या होत्या. खाली तळ्यावर धुकं होतं. सरोजा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती आणि मग तिनं तिच्या आईची गोष्ट काढली. तिच्या आईला कॅन्सर होता. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून. शेवटपर्यंत ती बिचारी पोटात गॅस धरतो म्हणून ओवा चघळत राहिली. एके दिवशी आई खोलीत आली तेव्हा सगळ्यांचं बोलणं थांबलं, आणि ती सरोजाला म्हणाली, मी आले की तुम्ही सगळे गप्प का होता ग?

मग ती माझ्याकडे वळली. "जे काय निघेल ते मला सांगायचं. माझ्या पाठीमागे काही नको. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्यात मला अवघड काहीच वाटलं नाही.

डॉक्टर तरुण होते, मवाळ. त्यांनी तिला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टर, सातच का, तेरा द्या की, तीस वर्षं मुलींना हेच दिलंय. त्र्याण्णव, तिनं चटकन सांगितलं. शहाऐंशी. मग ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण त्याच्यामागून ती हळूच निघून गेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात शेजारणीकडे बघावं तसं. माझे ओठ हलले असावेत, कारण डॉक्टर म्हणाले, सर, तुम्ही नको. त्यानंतर तिला घड्याळ काढायला दिलं. तिनं सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले, सुंदर अक्षरात.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. अल्झायमर आहे, म्हणाले, आणि सुरुवातीच्या पुढे गेलेला आहे. मी सांगितलं की मी तिला शब्द दिलाय. ते म्हणाले, जरूर सांगा, पण त्या विचारतील तेवढंच, झेपेल तेवढंच, त्यांचा चेहरा बघत बघत. एकदा सांगून संपेल अशी ही गोष्ट नाही. यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर मी तिला सांगितलं. नागरत्नम्मा त्या दिवशी आल्या नव्हत्या. ऊन पाठीवर होतं. मी पूर्ण वाक्यांत, काहीही न गाळता सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, डाळ परातीत पडत राहिली. तिनं नाव विचारलं, औषध आहे का विचारलं, आणि किती दिवस ते विचारलं. मी तिन्ही उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "सरी. अश्विनीला मी सांगेन. तुम्ही नको. तुम्ही फार नीट सांगता."

पुढे जे झालं त्याला ती दुपार जबाबदार आहे असं मला कधीकधी वाटतं. ती इतकी चांगली पार पडली. संध्याकाळी मी तळ्याकाठी फिरायला गेलो आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. तिच्या घरच्या माणसांना तिच्या आईच्या बाबतीत जे जमलं नाही ते मला जमलं होतं.

सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, रिपोर्ट कधी मिळणार?

मी पुन्हा सांगितलं. तेच, त्याच क्रमानं. या वेळी तिचा कप बशीवर वाजला. तिसऱ्या दिवशी ती हसली, मी तिची चेष्टा करतोय असं तिला वाटलं, आणि मी चेष्टा करत नाही हे कळायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते हसू तोंडावर अवघडून उभं राहिलं. एके दिवशी ती काही न बोलता उठली, चांगली साडी नेसली, पर्स घेतली आणि शाळेत निघाली. आणखी एके दिवशी तिनं अगदी लहान आवाजात विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, चूक असण्याचा प्रश्न नाही, हा आजार आहे, तो बरा होत नाही. मी उत्तर बरोबर दिलं होतं.

रोज तिच्यासाठी ती बातमी नवी होती. मला मात्र सवय होत गेली. आठवड्याभरात मी ती चहा गाळता गाळता सांगू लागलो.

मग मी पान तयार केलं. तिला पुन्हा पुन्हा विचारावं लागू नये, हा माझा विचार होता. कारखान्यात जे चौतीस वर्षं केलं तेच. एका कोऱ्या कागदावर, माझ्या उभ्या अक्षरात: तपासणीअंती अल्झायमर हा आजार असल्याचे निश्चित झाले आहे. स्मरणशक्ती क्रमाक्रमाने कमी होत जाईल. हा आजार बरा होणारा नाही. याची माहिती वेळच्या वेळी देण्यात आली आहे. खाली 'वाचले, समजले' आणि सहीसाठी जागा. आमच्या पुस्तकांत माणसाचं नाव कधी येत नसे, इथेही मी घातलं नाही. तिनं सही केली. मी तो कागद फ्रिजवर लावला. चार दिवसांनी मजकूर थोडा सोपा करून दुसरा लावला. पहिला तिच्यादेखत आडवा फाडला.

त्यानं विचारणं कमी झालं नाही. आता ती फ्रिजपाशी जायची, वाचायची, आणि कागद काढून हातात घेऊन माझ्याकडे यायची. ही माझी सही आहे ना, म्हणायची. मी कधी केली? मग मी सांगायचो.

अश्विनी शनिवारी यायची. व्हाइटफील्डहून हेब्बाळला यायला तिला दोन-अडीच तास लागत आणि दारात येईपर्यंत ती अर्धी चिडलेली असे. तो कागद तिनं पाहिला त्या दिवशी तिनं चप्पलही काढली नाही. मला बाहेर व्हरांड्यात नेलं. ती म्हणाली की आईनं विचारलं तर 'स्वल्प विसरायला होतं, डॉक्टरांना ठाऊक आहे, आपण सगळे आहोत' एवढं म्हणता येणार नाही का. मी म्हटलं, ते अपुरं आहे. तिनं विचारलं, कोणासाठी? मी शब्दाचं सांगितलं, कॅबमधलं, आजीचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईनं सांगा म्हटलं होतं बाबा. रोज मारा नव्हतं म्हटलं."

मी तिला म्हटलं की तू एक दिवस येतेस, सहा दिवस मी असतो. हे खरं होतं आणि म्हणूनच मी ते बोललो. तिनं आत जाऊन आईच्या वेणीचा गुंता काढला आणि जेवून परत गेली.

पुढचं वाक्य लिहायला मी बरेच दिवस घेतले आहेत. मला ते सांगण्यात थोडं बरं वाटत होतं. सरोजा माझ्यापेक्षा हुशार होती. हिशेब तिला माझ्याआधी यायचा, माणसं तिला माझ्याआधी कळायची, आणि माझ्या दुरुस्त्यांना ती हसायची, माझ्या तोंडावर, माझ्या भावांसमोर. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा असं झालं की मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. रोज सकाळी ती माझ्याकडे येऊन विचारायची आणि रोज सकाळी मी सांगायचो. शब्द पाळणं हे त्याचं नाव होतं. नाव खोटं नव्हतं. पण त्या नावाखाली आणखी एक माणूस बसलेला होता, आणि अश्विनीनं त्याला पाहिलं असावं.

धुकं उशिरापर्यंत राहायचं त्या दिवसांत. नऊ वाजेपर्यंत समोरचा फ्लायओव्हर दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. स्वयंपाकघरात अवरेचा वास मुरलेला असायचा, उप्पीटात अवरे, सारूत अवरे, भातात अवरे. तिला काय झालंय ते तिला सांगून झाल्यावर आम्ही नाश्त्याला बसायचो. ती खाताना म्हणायची, सोगडु छान आहे यंदा. माझ्या घशाखाली घास उतरायचा. उतरायला नको होता असं आता वाटतं.

संक्रांतीला आठवडा राहिला होता. दुपारी मी चहाचे तीन कप ट्रेमध्ये घेऊन गच्चीच्या जिन्यावर होतो. वर सरोजा आणि नागरत्नम्मा परातीशी बसल्या होत्या. सरोजा आवाज खाली आणून कानडीत काहीतरी सांगत होती. यांना विसरण्याचा आजार झालाय, ती म्हणत होती. मोठा आजार आहे, बरा होत नाही. नागरत्नम्मा दाणे सोलत राहिल्या. त्यांचं तोंड जिन्याकडे होतं, त्यांना मी दिसत होतो. सरोजा पुढे म्हणाली की त्यांना स्वतःला कळतं, म्हणून तर त्यांनी लिहून फ्रिजवर लावलंय, त्यांचंच अक्षर आहे. रोज सकाळी तेच तेच बोलत बसतात. मी वाचून सही करते, त्यांना धीर यावा म्हणून.

तिच्या तर्कात खोट नव्हती. अक्षर माझं होतं. रोज तेच ते बोलणारा मी होतो. आणि कागदावर कुणाचंही नाव नव्हतं. गणिताच्या बाईंनी जे समोर होतं त्यावरून उत्तर काढलं होतं.

नागरत्नम्मांनी चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, बरं केलंत सरोजक्का, तुम्ही आहात म्हणून सार् आहेत. जाताना त्या जिन्यात थांबल्या. कानडीत हळूच म्हणाल्या, सार्, असूद्या ना असंच. तुमचं काय जातंय?

खरंच, माझं काहीच जात नव्हतं.

त्या संध्याकाळपासून सरोजा वेगळी होती. तिला काम मिळालं होतं. माझा चष्मा कुठे आहे ते ती सांगायची, आणि तो तिथे असायचाही. रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला. रात्रीची गोळी, जी तिचीच होती, तिनं मला विचारून स्वतः घेतली, तुम्हीही घ्या, घाबरू नका, म्हणाली. दोन दिवस तिनं रिपोर्टबद्दल विचारलं नाही. कारखान्यातल्या माझ्या सगळ्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं, की एक चुकीचं पान लागावं आणि यंत्र नीट चालावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर खुर्चीत पुस्तक घेऊन बसलो होतो. ती सोलत होती. तिनं परात बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. माझं पुस्तक मिटलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बोटांना तो वास होताच.

"अहो, स्वल्प ऐका. घाबरायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला हल्ली विसरायला होतं. डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला जे आठवणार नाही ते मी आठवीन. रोज विचारलंत तरी चालेल."

ती माझा चेहरा बघत बघत बोलत होती. मध्ये थांबत होती, मला पोचलं का ते बघायला. आजाराचं नाव तिनं घेतलं नाही. बरा होत नाही हेही सांगितलं नाही, आणि तरी त्यात काही खोटं नव्हतं. तीस वर्षं कच्च्या मुलींना तिनं असंच समजावलं असेल. मला तिथे फक्त मान हलवायची होती. किंवा काहीच करायचं नव्हतं, बसून राहायचं होतं.

मी म्हटलं, "सरोज, हा आजार मला नाही. तुला आहे."

ती हसली नाही. तिनं हात काढून घेतला नाही. तो माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला, पण त्यातलं वजन गेलं. तिला पटलं नसावं असं मला वाटलं. मी खाली गेलो, फ्रिजवरचा कागद आणला, आणि तिच्यादेखत त्याच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, माझ्या नावासकट. खाली नवीन तारीख घातली. पेन तिच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. सही केली. कागद मला परत दिला, दोन्ही हातांनी, जसा मुख्याध्यापकांना देतात. मग ती परातीकडे गेली, आणि तिनं उरलेले दाणे तसेच, न सोलता, पाण्यासकट मोरीत ओतले.

त्यानंतर तिनं मला कधीही काहीही विचारलं नाही. रिपोर्टचं नाही आणि पाण्याच्या तांब्याचंही नाही. तहान लागली तर ती अश्विनी येईपर्यंत थांबायची, किंवा खिडकीतून नागरत्नम्मांना हाक मारायची. मी विचारलं, काही हवंय का, की ती म्हणायची, सगळं ठीक आहे, सगळं येतं मला. मी खोलीत आलो की हात मांडीवर घेऊन सरळ बसायची. अश्विनीनं तो कागद फाडला. डॉक्टरांनी मला समोर बसवून शांतपणे सगळं समजावून सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं सुधारित पान सही न देता स्वीकारलं. तिला मी पुन्हा कधीच सांगितलं नाही. त्याचा उपयोग झाला नाही. ती नावं विसरली, शाळा विसरली, सात वजा करायला विसरली, अश्विनीला अक्का म्हणू लागली. मी काय सांगत असे तेही ती विसरली. मी सांगत असे, एवढं तिला राहिलं. तिची भीती कुठल्याही आठवणीला टांगलेली नव्हती, म्हणून गळाली नाही. पुढच्या हिवाळ्यात अवरे घरात आली ती अश्विनीनं आणली, आणि त्या दोघी मिळून दार लावून सोलत. मी दाराबाहेर उभा राहून डाळ परातीत पडताना ऐकायचो. एकदा आतून सरोजाचा आवाज आला, अश्विनीला विचारत होती, "ते गेले का?"

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. माझ्या पुस्तकांच्या कपाटांत दुःखाबद्दल बरंच काही आहे. दुःखानं माणूस मोठा होतो असंही त्यात बऱ्याच ठिकाणी आहे. मला तसा अनुभव नाही.

गेल्या ज्येष्ठातली एक सकाळ. रात्री पाऊस पडून गेला होता आणि फाटकाजवळचा ग्रॅनाइटचा बाक अजून ओला होता. सरोजा त्यावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. मी दूध घेऊन बाहेरून आलो. डोक्याला मफलर होता, हातात पिशवी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं विचारलं, कोण तुम्ही? दोन वर्षांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

माझं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं.

"शेजारचा," मी म्हटलं.

तिचे खांदे सैल झाले. तिनं एकदा घराकडे वळून पाहिलं, मला हातानं जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "री, आमच्या घरात एक गृहस्थ आहेत. चांगले आहेत, पण सारखं काहीतरी वाईट सांगतात. मी इथे बसलेय म्हणून त्यांना सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तिनं वर्तमानपत्र स्वल्प सरकवलं आणि मला बसायला जागा करून दिली.